रेकॉर्ड उभी ठेवा, नाव लिहून ठेवा
इब्राहून चिठ्ठी



आमच्या इब्राला उन्हाळा आता पुरता पेटला आहे. मस्कत समुद्राकाठी, म्हणून तिथे घामाच्या धारा. आम्ही तिथून दीडशे किलोमीटरच्या आसपास आत, त्यामुळे घाम कमी पण भट्टी खरी. पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, वारा सुटला की बारीक धूळ दाराच्या फटीतून आत येते, आणि दुपारी रस्त्यावर मांजरसुद्धा दिसत नाही. अशा दुपारी घरात बसून तुमच्या चिठ्ठ्या वाचणं हे माझं आवडतं काम.

मागच्या अंकात पितळेच्या भांड्यांबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर संपादकांनी ज्या चिठ्ठ्या पाठवल्या, त्यांतल्या तीन एकाच विषयाच्या निघाल्या: रेकॉर्डी!

पहिली अश्दोदच्या एका बाईंची. त्यांच्या मिस्टरांनी १९७१ मध्ये येताना ट्रंकेतून पन्नास-साठ रेकॉर्डी आणल्या. मिस्टर आता नाहीत. मुलगा लहान घरात जायचं म्हणतो आहे, आणि म्हणतो, "आई, फोनवर सगळी गाणी मिळतात, हे ओझं कशाला?" दुसरी चिठ्ठी ठाण्याच्या एका गृहस्थांची. त्यांच्या रेकॉर्डी माळ्यावर होत्या, दोन पावसाळ्यांनंतर खाली काढल्या तर कव्हरांवर पांढरी बुरशी. तिसरी चिठ्ठी बेरशेवाच्या अकरा वर्षांच्या मुलीची, आईच्या मदतीनं लिहिलेली. ती विचारते, "आजोबांच्या काळ्या प्लेटांना हात लावू नको म्हणतात. मग त्या ठेवल्यात कशासाठी?"

तिघांनाही एकत्र उत्तर देते. थोडक्यात सांगायचं तर रेकॉर्ड वयामुळे खराब होत नाही, जागेमुळे होते. शंभर वर्षांपूर्वीची तबकडी आजही खणखणीत वाजते, आणि दहा वर्षांपूर्वीची खिडकीत ठेवली तर एका दुपारी वाकडी होते. दुसरी गोष्ट अशी की नुसती तबकडी वाचवून भागत नाही. ती कोणाची, कुठून आणली, घरात कधी लावायचे, हे कोणालाच माहीत नसेल तर ती चांगल्या कपाटात राहूनही मुकीच.

आपल्याकडे कोणती रेकॉर्ड आहे?

आधी ही ओळख पटवून घ्या, कारण दोन जातींची पथ्यं वेगळी आहेत.

जुनी रेकॉर्ड जड, कडक आणि ठिसूळ असते. तिच्या मधल्या कागदावर बहुतेक ७८ हा आकडा असतो, म्हणजे ती मिनिटाला ७८ फेरे घेते. एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटांचं एकच गाणं. हातातून पडली की काचेसारखी फुटते.

मुलांनो, ही रेकॉर्ड कशाची असते माहीत आहे? लाखेची! पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर एक बारीक किडा आपल्या अंगातून चीक सोडतो, तो वाळला की लाख. आजीच्या लाखेच्या बांगड्या त्याच लाखेच्या. त्यात दगडाची पूड आणि काजळी घालून गरम साच्यात दाबली की रेकॉर्ड तयार. जगाला ही लाख मुख्यतः आपल्या भारतातून जायची. १९४२ मध्ये लढाईमुळे अमेरिकेत लाखेच्या वापरावर बंधनं आली, तेव्हा तिथले दुकानदार गिऱ्हाइकांकडून जुन्या रेकॉर्डी परत मागून घेत आणि त्या दळून नव्या करत. किती गाणी अशी दळली गेली असतील!

दुसरी जात प्लास्टिकची, जिला विनाइल म्हणतात. ही हलकी आणि लवचिक. अमेरिकेत १९४८ मध्ये मोठी एलपी आली, मिनिटाला सव्वातेहतीसच्या थोडे वर फेरे, एका बाजूला वीसेक मिनिटं गाणी. पाठोपाठ १९४९ मध्ये पंचेचाळीस फेऱ्यांची छोटी रेकॉर्ड आली. ही पडली तर फुटत नाही, पण उष्णतेनं वाकते आणि ओरखडे पटकन घेते.

थोडक्यात, लाखेच्या रेकॉर्डीला पडण्याची भीती आणि विनाइलला तापण्याची. ओल आणि धूळ दोघींचीही वैरी.

इब्राची जुनी घरं काय सांगतात

इथे अल मन्सफा आणि अल कनातिर हे जुने मोहल्ले आहेत. माती आणि दगडाचे उंच वाडे. बरेच पडले आहेत, काही दुरुस्त केले आहेत. संध्याकाळी ऊन उतरलं की मी सूनबाईबरोबर तिकडे फिरायला जाते. भिंती अशा जाड की बाहेर आग असली तरी आतली खोली निवलेली. आणि त्या भिंतींत, आपल्या अलिबाग-रेवदंड्याच्या घरांत असत तसेच कोनाडे! घरातली जपायची वस्तू उन्हाच्या भिंतीपासून दूर, आतल्या खोलीत, हाताच्या उंचीवर. ही अक्कल कोकणातल्या म्हाताऱ्यांना होती तशी इथल्यांनाही होती.

हे वाडे बांधणाऱ्या घराण्यांचा पैसा मोठ्या प्रमाणात आफ्रिकेच्या व्यापारातून आला. झांझिबार बेटावर तेव्हा ओमानी सुलतानांचं राज्य होतं, आणि इब्राची हार्थी वगैरे घराण्यांतली माणसं तिकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. १९६४ मध्ये झांझिबारला क्रांती झाली, तेव्हा अनेकांना तिथून निघावं लागलं, आणि १९७० नंतर पुष्कळ कुटुंबं ओमानला परतली. पण परतताना तोंडात भाषा होती स्वाहिली. आजही ओमानात घरांतून म्हातारी माणसं आपसात स्वाहिली बोलतात आणि नातवंडं अरबीत उत्तर देतात. वाचकहो, हे चित्र तुम्हाला ओळखीचं वाटतं की नाही? आपणही "घरी" आलो आणि स्वयंपाकघरात मराठीच बोलत राहिलो. नातवंडं हिब्रूत उत्तर देतात.

आता रेकॉर्डीचा संबंध सांगते. झांझिबारच्या मोठ्या गायिका सिती बिंत साद १९२८ मध्ये बोटीनं आल्या त्या आपल्या मुंबईला! एचएमव्ही कंपनीनं त्यांची स्वाहिली गाणी मुंबईत मुद्रित केली. पूर्व आफ्रिकेच्या गाजलेल्या पहिल्या रेकॉर्डींमध्ये त्यांची गणना होते. त्या रेकॉर्डी मुंबईहून परत समुद्र ओलांडून झांझिबारच्या घराघरांत वाजल्या. त्यांचं १९५० मध्ये निधन झालं. आज त्यांचा आवाज ऐकायला मिळतो तो कोणीतरी आपल्या घरात त्या तबकड्या नीट ठेवल्या म्हणून. गाणारी गेली, राज्य गेलं, माणसं देशोधडीला लागली, पण तबकडीनं आवाज सोडला नाही.

आता प्रत्यक्ष कामाला लागू या.

ऊन आणि उष्णता

विनाइल उकळत्या पाण्यापर्यंत जावं लागत नाही. साठ अंशांच्या आसपास ते नरम पडतं, आणि तिरपं ठेवलं किंवा वर वजन असलं तर त्याहून कमी उष्णतेतही हळूहळू वाकतं. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत साठच्या वर तापमान सहज जातं. म्हणून रेकॉर्डी नेताना मोटारीत ठेवून "दोन मिनिटांत येतो" म्हणून दुकानात जाऊ नका. आधी घरी पोचवा, मग भाजी घ्या.

घरात कपाट ठेवायचं ते आतल्या भिंतीला लागून. पश्चिमेची भिंत दिवसभर तापते आणि रात्रभर ती उष्णता आत सोडते, तिथे नको. खिडकीसमोर नको, फ्रिजच्या किंवा टीव्हीच्या डोक्यावर नको, ओव्हनच्या पलीकडच्या भिंतीला नको. इस्राएलमधल्या वाचकांनी हिवाळ्यातल्या हीटरचीही आठवण ठेवावी.

वीस अंशांच्या आसपासची हवा उत्तम. पण आकड्यापेक्षा स्थिरता महत्त्वाची. दिवसा एसी लावून खोली बर्फ करायची आणि संध्याकाळी बंद करून तापू द्यायची, हा चढउतार वाईट. एसीचा झोत सरळ कपाटावर येऊ देऊ नका.

आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये बरीच कुटुंबं घर बंद करून सुट्टीला जातात. वीज बंद, घर महिनाभर भाजत राहतं. आमच्या ओळखीच्या एका घरात अशाच सुट्टीनंतर आठ-दहा एलपींचे पापड झाले होते. अशा वेळी रेकॉर्डी घराच्या मधल्या, खिडकी नसलेल्या जागेत खाली हलवाव्यात, किंवा एसी चालू असलेल्या शेजाऱ्याकडे ठेवाव्यात. वर चढवू नयेत, कारण गरम हवा छताशी जमते.

उभी ठेवा, सरळ ठेवा

हा नियम दोन्ही जातींना लागू. रेकॉर्डी पुस्तकांसारख्या उभ्या ठेवायच्या. एकावर एक रचल्या की खालच्यांवर भार येतो, लाखेची तडकते, विनाइलची वाकते, आणि मधे अडकलेला धुळीचा कण खाचेत रुततो.

उभी म्हणजे सरळ उभी, रेललेली नव्हे. महिनोन्‌महिने तिरपी राहिली की ती त्याच आकाराची होते. म्हणून दर चार ते सहा इंचांवर लाकडाची किंवा जाड पुठ्ठ्याची उभी फळी घाला, ती रेकॉर्डीच्या पूर्ण उंचीची असावी. फार गच्च भरू नका, एक काढताना दुसरीचं कव्हर फाटता कामा नये. फार सैलही नको. मोठ्या मोठ्यांबरोबर आणि छोट्या छोट्यांबरोबर, कारण छोटीच्या कडेचा दाब मोठीवर वळ उठवतो.

वजनाचा विचार करा. शंभर एलपी कव्हरांसकट वीस-पंचवीस किलो भरतात. तकलादू शेल्फ मधोमध वाकतं आणि एक दिवस खाली येतं. लाखेच्या रेकॉर्डी तर याहून जड. त्यांना सर्वांत खालचा खण द्या, पण जमिनीला टेकवून नको. जमिनीपासून वीतभर तरी उंच हवं. आमच्या इब्राला वर्षभर पाऊस नसतो, पण आला की वाडी, म्हणजे इथली कोरडी नदी, तासाभरात भरून वाहते. ठाणे-मुंबईकरांना २६ जुलै २००५ ची आठवण करून द्यायला नकोच.

ओल आणि बुरशी

हे ठाण्याच्या गृहस्थांसाठी आणि कोकणातल्या सर्वांसाठी. अश्दोद, हैफासारख्या समुद्राकाठच्या गावांनाही लागू.

बुरशी प्रथम कागद खाते. कव्हर, आतलं पाकीट, मधलं लेबल. हवेतला ओलावा चाळीस ते पन्नास टक्के असला तर बरं, साठ-पासष्टच्या वर गेला की बुरशीला आमंत्रण. ओलावा दाखवणारं छोटं घड्याळासारखं यंत्र स्वस्तात मिळतं, ते कपाटात ठेवावं. माळा ही जागा रेकॉर्डींसाठी नाहीच. वर पत्रा किंवा गच्ची, म्हणजे उन्हाळ्यात भट्टी आणि पावसाळ्यात गळती.

कपाट भिंतीपासून दोन बोटं पुढे ओढा, मागून हवा खेळली पाहिजे. सिलिका जेलच्या पुड्या ठेवता येतील, रंग बदलला की त्या वाळवून घ्या किंवा बदला. डांबराच्या गोळ्या मात्र कपड्यांत ठेवतो तशा रेकॉर्डींत ठेवू नका, त्यांची वाफ प्लास्टिकला चांगली नाही.

बुरशी आलीच असेल तर त्या रेकॉर्डी आधी बाकीच्यांपासून वेगळ्या करा. नाकाला फडकं किंवा मास्क बांधा, गॅलरीत सावलीत बसा आणि मऊ कोरड्या ब्रशनं झटका. उन्हात वाळत घालायचा मोह होईल. पापड-कुरडया वाळवतो तसा! तो आवरा. आतलं पाकीट फेकून नवं घाला, पण त्यावर काही हातानं लिहिलेलं असेल तर आधी फोटो काढा.

पाकिटं, धूळ आणि धुणं

जुनं खरखरीत कागदी पाकीट प्रत्येक वेळी रेकॉर्ड बारीक घासतं, आणि कागद जुना झाला की पिवळा पडून त्याचा भुगा होतो. विनाइलसाठी गुळगुळीत पॉलिथिनचं अस्तर असलेली आतली पाकिटं मिळतात, ती घ्या. मऊ पीव्हीसीच्या जाड पारदर्शक पिशव्या टाळा. काही वर्षांनी त्यांतून तेलकटपणा सुटतो आणि रेकॉर्डीवर धुकं धरल्यासारखा डाग पडतो. नव्या रेकॉर्डीवरचं ताणून बसवलेलं प्लास्टिक काढून टाका, ते आवळत राहतं आणि रेकॉर्ड वाकवतं. आतल्या पाकिटाचं तोंड वरच्या बाजूला करून कव्हरात घाला, म्हणजे धूळही आत जात नाही आणि रेकॉर्ड घरंगळून पडतही नाही.

आमच्याकडच्या कोरड्या हवेत विनाइलला वीज चढते. स्वेटर काढताना चटचट होते तीच. मग ते धूळ ओढून घेतं. त्यासाठी बारीक केसांचा कार्बनचा ब्रश मिळतो, वाजवण्याआधी फिरत्या रेकॉर्डीवर अलगद धरायचा.

धुवायचीच असेल तर शुद्ध केलेलं पाणी घ्या, बॅटरीत घालायला मिळतं तसं, आणि धागे न सुटणारं मऊ फडकं. खाचांच्या दिशेनं गोल पुसा, आडवं नाही. लेबल भिजू देऊ नका. लगेच कोरडी करा.

एक मोठी सूचना: लाखेच्या रेकॉर्डीला स्पिरिट कधीही लावू नका. सुतार चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवून फर्निचरला पॉलिश करतो. तुम्ही रेकॉर्डीला स्पिरिट लावलंत तर गाण्याचं पॉलिश होईल!

वाजवताना

वाजवल्याशिवाय ठेवायची असेल तर तीही एक प्रकारची उपासमारच. पण योग्य यंत्रावर वाजवा. चावीच्या, कर्ण्याच्या ग्रामोफोनचा हात जड असतो. त्यावर लाखेचीच रेकॉर्ड, आणि पोलादी सुई दर बाजूला नवी. जुन्या माणसांना ती सुयांची छोटी पत्र्याची डबी आठवत असेल. त्या ग्रामोफोनवर एलपी लावली तर एकाच वेळी तिचा निकाल लागतो.

उलट, आजच्या यंत्रावर ७८ ची रेकॉर्ड लावायची तर तिच्यासाठी वेगळी सुई लागते. जुन्या खाचेची सुई एलपीच्या सुईपेक्षा जवळजवळ तिप्पट जाड. बारीक सुई जुन्या खाचेच्या तळाशी कचऱ्यात लोळते, गाणं कमी आणि खरखर जास्त.

रेकॉर्ड धरताना बोटं फक्त कडेला आणि मधल्या कागदावर. गाण्याला बोट लावायचं नाही.

फुटली किंवा वाकली तर

फुटलेल्या लाखेच्या रेकॉर्डीचे सगळे तुकडे, बारीक कपचेसुद्धा, एका चपट्या पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवा. गोंद लावू नका. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत कार्ल हेबर या शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुई न लावता, खाचांचे फोटो काढून त्यांतून संगणकानं आवाज काढायची पद्धत बसवली आहे. फुटकी तबकडीही त्यातून बोलू शकते. २००८ मध्ये तर १८६० साली काजळी धरलेल्या कागदावर उमटवलेल्या फ्रेंच आवाजाच्या रेघा अशाच वाचून ऐकवल्या गेल्या. म्हणून आजचा तुकडा उद्या निरुपयोगी ठरेलच असं नाही.

वाकलेल्या एलपीला इस्त्री, ओव्हन, गरम पाणी हे घरगुती उपाय करू नका. ती सपाट झालीच तरी खाचा बिघडतात. दोन सपाट जाड काचांमध्ये स्वच्छ करून ठेवून वर सारखं वजन द्या आणि थंड खोलीत काही आठवडे विसरून जा. थोडी वाकलेली असेल तर फरक पडतो, फार वाकलेली असेल तर जाणकाराकडे द्या.

"फोनवर सगळं मिळतं" याचं उत्तर

अश्दोदच्या बाईंच्या मुलाला माझा निरोप: बेटा, गाजलेली सिनेमाची गाणी फोनवर मिळतात, खरं आहे. पण सगळं मिळत नाही. कमी विकलेली नाट्यगीतं, भजनं, संवादाच्या, नकलांच्या रेकॉर्डी, यांतल्या कित्येकांचा एखादाच नमुना कोणाच्या तरी घरात उरलेला असतो. तो तुझ्या आईच्या ट्रंकेत आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय कसं कळणार?

आपल्याच समाजातलं उदाहरण देते. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. तो ज्या नाटकावरून घेतला ते नाटक लिहिणारे जोसेफ डेव्हिड पेणकर आपले बेने इस्राएल. या बोलपटाच्या गाण्यांच्या ग्रामोफोन रेकॉर्डी निघाल्याच नाहीत, आणि चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. सगळी मुंबई जे ऐकायला लोटली, ते आज जगात कोणालाही ऐकता येत नाही. तबकडी असती तर कोणाच्या तरी फडताळात एखादी उरली असती.

तेव्हा टाकण्याआधी यादी करा. नक्कल करून घ्यायची असेल तर जाणकाराकडून मूळ दर्जाच्या वेव्ह फाइलमध्ये करून घ्या, फक्त एमपी३ मध्ये नको, कारण त्यात आवाजाचा काही भाग गाळलेला असतो. नकलेच्या तीन प्रती ठेवा, त्यांतली एक दुसऱ्या घरात. नक्कल झाली म्हणून मूळ रेकॉर्ड फेकू नका, यंत्रं बदलतात.

घरात जागा नसेलच तर भंगारवाल्याआधी संग्रहाला विचारा. जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात १९६४ पासून ध्वनिसंग्रह आहे. मुंबईत १९९० मध्ये सुरेश चांदवणकर आणि इतर हौशी मंडळींनी रेकॉर्ड जमवणाऱ्यांची संस्था काढली आणि जुन्या मराठी तबकड्यांवर मोलाचं लेखन केलं. मात्र आधी यादी पाठवून विचारावं, थेट खोकं नेऊन ठेवू नये. सगळ्याच संग्रहांना सगळं घेता येत नाही.

वहीत नाव लिहा

भारतातल्या पहिल्या मोठ्या रेकॉर्ड-गायिका गौहर जान. १९०२ मध्ये कलकत्त्याला त्यांचं गाणं मुद्रित झालं. तेव्हा भारतात कारखाना नव्हता, तो १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला आला. त्याआधी तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला तयार होत. तिथल्या कामगारांना काय कळणार कोण गातंय? म्हणून गाणं संपलं की गाणारी स्वतःच इंग्रजीत आपलं नाव सांगायची, म्हणजे लेबल बरोबर चिकटेल. शंभरावर वर्षं झाली, तरी तिचं नाव त्या तबकडीत आहे.

आपल्या घरच्या रेकॉर्डींना असं नाव कोण सांगणार? आपणच. एक साधी वही घ्या. प्रत्येक रेकॉर्डीला एक नंबर द्या, नंबर कव्हरावर नाही तर आतल्या पाकिटावर मऊ पेन्सिलीनं लिहा. वहीत लिहा: गाणं, गाणारा, लेबलवरचा कंपनीचा नंबर. आणि पुढच्या रकान्यात लिहा ती कोणी घेतली, कुठून, आणि ती ऐकली की काय आठवतं. "ही दादांनी पहिल्या पगारात घेतली." "ही लग्नात सारखी लावली होती." "ही बोटीत फुटता फुटता वाचली." हा शेवटचा रकाना कुठल्याही फोनवर मिळत नाही. तो म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे, आणि त्या डोक्याची नक्कल काढता येत नाही. म्हणून ती वही या सणाच्या सुट्टीत सुरू करा, "नंतर बघू" नको.

बालमित्रांसाठी

आता बेरशेवाच्या मुलीचं उत्तर. बेटा, आजोबा "हात लावू नको" म्हणतात कारण तुला कोणी धरायला शिकवलेलं नाही. त्यांना म्हण, "सबा, मला धरायला शिकवा." हात साबणानं धू, कोरडे कर, बसून मांडीवर धर, बोटं कडेला. मग आजोबांना नक्की विश्वास वाटेल.

आणि मग हे काम तुझं:

१. आजोबांची रेकॉर्ड मिनिटाला किती फेरे घेते, लेबलवर वाच.
२. भिंगातून खाच बघ. एका बाजूला किती खाचा आहेत, अंदाज कर. मग आजोबांना विचार. (गंमत अशी की खाच एकच असते, बाहेरून आत गोल गोल गेलेली!)
३. आजोबा बोलतील ते वहीत लिहून घे. मराठी लिहिता येत नसेल तर हिब्रूत लिही, पण गाण्याचं नाव आजोबा सांगतील तसंच लिही आणि मोठ्यानं म्हणून दाखव.
४. दर शब्बाथ संपल्यावर एकच रेकॉर्ड, एकच बाजू, आणि त्यातल्या एका मराठी शब्दाचा अर्थ.

एका वर्षात पन्नास शब्द होतील. त्या काळ्या प्लेटा कशासाठी ठेवल्यात, हे तेव्हा तूच इतरांना सांगशील.

वाचकहो, तुमच्या वहीतली पहिली तीन पानं पुरी झाली की संपादकांना एक प्रत पाठवा. जमलं तर इथे "आमच्या घरची तबकडी" असा एक कोपरा सुरू करू. पुढच्या चिठ्ठीत जुन्या फोटोंचे आल्बम: चिकटलेला फोटो कसा सोडवावा आणि मागचं लिखाण कसं वाचवावं.

तोपर्यंत रेकॉर्डी उभ्या ठेवा, पाणी भरपूर प्या, आणि एखादी संध्याकाळी लावाही.

शालोम.